पत्र मला आलं होतं

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या मराठी घरांत कुणी गाडी घ्यायचं ठरवलं की पहिला फोन उदयसिंहराव मान्यांना जायचा. मान्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते, आजोबा पलटणीत. उदयसिंहरावांनी स्वतः चौतीस वर्षं रिफायनरीत दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं सांभाळली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे वेळ भरपूर होता, आणि बोलायला एक हक्काचा विषय होता: सेन्झाकी ही जपानी कंपनी आणि तिच्या गाड्या.

सत्त्याण्णव साली त्यांनी पहिली सेन्झाकी घेतली. ती घेऊन ते बायकोबरोबर महाबळेश्वरपासून माउंट अबूपर्यंत फिरले. चौदा वर्षांत गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, हे ते पाहुण्यांना पाणी दिल्यावर लगेच सांगायचे. मग कंपनीचा इतिहास निघायचा. कुठल्याशा मासेमारीच्या गावात सेन्झाकी नावाचा माणूस होड्यांसाठी पंप बनवायचा. युद्धात गावाचं वाटोळं झालं. पेट्रोल मिळेना, आगगाड्या तुडुंब, तेव्हा त्याने पंपाचं इंजिन सायकलला बसवलं. त्यातून पुढे मोटारसायकल, मग कार. आणि उदयसिंहरावांची सर्वांत लाडकी गोष्ट अशी की, पहिल्या वर्षी एका गाडीचा ब्रेक निकामी होऊन एक शिक्षक जखमी झाला, तेव्हा म्हातारा सेन्झाकी स्वतः रात्रभर प्रवास करून त्याच्या दारात गेला आणि जमिनीला डोकं टेकवून त्याने माफी मागितली.

"कुठला आपला मालक असं करील?" ते विचारायचे.

"झालं, सुरू झालं याचं कीर्तन," विश्वंभर दिघे हसून म्हणायचे.

विश्वंभर हे त्यांचे चाळीस वर्षांचे मित्र. रेल्वेच्या प्रतापनगर ऑफिसात नोकरी केलेले, मोजकं बोलणारे. पत्नी गेल्यापासून फतेगंजच्या फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची मुलगी यशश्री, अशी दोघंच राहत. रोज सकाळी सहाला दोघे मित्र कमाटीबागेत भेटत, तीन फेऱ्या मारत आणि फाटकाबाहेर चहा पिऊन घरी जात.

यशश्रीला सावलीजवळच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेची नोकरी लागली, तेव्हा गाडीचा प्रश्न आला. कंपनीची बस होती, पण तिची सुटायची वेळ आणि यशश्रीची कामाची पाळी यांचा मेळ बसत नव्हता. उदयसिंहराव तेव्हा नवी गाडी घेणार होते. त्यांची जुनी सेन्झाकी, 'नामी' मॉडेलची, सात वर्षांची होती, पण काचेसारखी ठेवलेली. त्यांनी ती यशश्रीला दिली. बाजारात मिळाले असते त्याहून कमी पैसे घेतले, कागद तिच्या नावावर करून दिले, आणि तीन रविवार सकाळी सावली रोडवर तिच्या शेजारी बसून तिला गाडी शिकवली.

"दहा वर्षांत बॉनेट उघडायला लागलं तर मला सांग," ते चावी देताना म्हणाले. "ही सेन्झाकी आहे."

दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मग एका जूनमध्ये, शनिवारी दुपारी, पोस्टमनने पत्र आणून दिलं. वर कंपनीचं चिन्ह होतं. कंपनीच्या दप्तरी पहिला मालक म्हणून अजून उदयसिंहरावांचंच नाव होतं. पत्रात लिहिलं होतं की, आपल्या वाहनाच्या स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला फुगवणारी धातूची डबी उष्ण आणि दमट हवेत खराब होऊ शकते. अपघातात ती फुटली तर तिचे तुकडे उडून चालकाला गंभीर किंवा प्राणघातक इजा संभवते. तरी डबी विनामूल्य बदलून घ्यावी. खाली चेसिस नंबर होता. नामीचाच.

उदयसिंहरावांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांनी वर्कशॉपला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "हो सर, रिकॉल आहे, पण पार्ट अजून आलेला नाही. दोन महिन्यांनी विचारा ने."

त्यांनी त्याच वेळी फतेगंजला फोन करायला हवा होता. हातात फोन होताच. पण आदल्याच दिवशी चहाच्या टपरीवर विश्वंभरांशी त्यांचा वाद झाला होता. विश्वंभर म्हणाले होते, "सगळ्या कंपन्या सारख्याच रे, तुझी तेवढी देवाची?" त्यावर उदयसिंहराव चार लोकांसमोर मोठ्या आवाजात बोलले होते. आता दुसऱ्याच दिवशी आपण होऊन सांगायचं की आपण दिलेल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये असं काही आहे? शिवाय पार्ट आलेला नाही, मग आत्ता सांगून पोरीला उगीच घोर. पार्ट आला की सांगू. असं म्हणत त्यांनी पत्र गाडीच्या जुन्या फाइलमध्ये ठेवलं.

ऑगस्टमध्ये त्यांना आठवण झाली. त्या आठवड्यात यशश्रीला बढती मिळाली होती आणि ती पेढे घेऊन आली होती. पेढे खाताना तो विषय काढवेना. दिवाळीत पुन्हा आठवण झाली. तोवर एक नवीच अडचण उभी राहिली: आता सांगितलं तर ती विचारणार, पत्र कधी आलं? जूनमध्ये, असं सांगावं लागणार. जितके दिवस जात होते तितकं सांगणं जड होत होतं. पुढे पुढे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की अशी पत्रं कंपन्या कायद्याच्या भीतीने पाठवतात. रिफायनरीत असताना एखाद्या हाताखालच्या माणसाने दाबाच्या मीटरबद्दल असं काही म्हटलं असतं, तर त्याला त्यांनी उभं जाळलं असतं.

फेब्रुवारीत, सकाळी साडेआठच्या सुमाराला, सावली रोडवर मंजुसरच्या अलीकडे यशश्रीच्या पुढे चाललेल्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. तिनेही मारला, पण थोडा उशीर झाला. धडक मोठी नव्हतीच. गाडीचा बंपर चेपला, एक दिवा फुटला. पुढची काच शाबूत होती. टेम्पोवाला शिव्या देत खाली उतरला आणि खिडकीतून आत बघून मटकन रस्त्यावर बसला.

उदयसिंहराव दवाखान्यात पोचले तेव्हा विश्वंभर ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या शर्टवर रक्त नव्हतं, काही नव्हतं, फक्त बटणं खालीवर लागली होती.

"टेम्पोला लागली," ते म्हणाले. "एवढीशी लागली म्हणतात. मग असं कसं झालं रे? तुला गाड्यांतलं कळतं. असं कसं झालं?"

उदयसिंहराव त्यांच्या शेजारी बसले.

यशश्रीचा उजवा डोळा गेला. मानेत घुसलेला तुकडा श्वासनलिकेला चाटून गेला होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच नशीब, आवाजाचं काही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी विश्वंभरांनी एक छोटी प्लास्टिकची बाटली उदयसिंहरावांपुढे धरली. आत तिच्या मानेतून काढलेला, अंगठ्याच्या नखाएवढा धातूचा तुकडा होता. एका कडेला बाक होता, दुसरी कड फाटून दातेरी झालेली. आतून दाब येऊन फुटलेलं भांडं कसं दिसतं हे उदयसिंहरावांनी नोकरीत पाहिलं होतं. त्यांनी बाटली हातात घेतली नाही.

त्या आठवड्यात त्यांना जेवण जाईना. येसूबाईंनी, त्यांच्या बायकोने, दोनदा विचारलं. "मुलीचं दुःख होतंय," एवढंच ते म्हणाले, आणि ते खरंही होतं.

दीड महिन्यानंतर विश्वंभर घरी आले. त्यांच्या हातात कंपनीच्या वकिलाचं उत्तर होतं. त्यांनी विमा सर्वेक्षकाचा अहवाल कंपनीला पाठवला होता, आणि कंपनीने उलट टपाली कळवलं होतं की या गाडीचा दोष आम्ही आधीच जाहीर केलेला आहे, दप्तरी असलेल्या मालकाला साध्या टपालाने रीतसर सूचना पाठवलेली आहे.

"दप्तरी असलेला मालक म्हणजे तू," विश्वंभर म्हणाले. "तुला पत्र आलं होतं?"

येसूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"नाही," उदयसिंहराव म्हणाले.

"मला माहीतच होतं." विश्वंभरांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "तुला आलं असतं तर तू त्याच दिवशी धावत आला असतास. खोटारडे साले. आणि तो तुझा म्हातारा गेला होता ना रे शिक्षकाच्या दारात डोकं टेकायला? आता वकील पाठवतात."

त्यांनी चहा घेतला, उदयसिंहरावांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते गेले. त्यांचा हात पडलेली खांद्यावरची जागा उदयसिंहरावांना बराच वेळ वेगळी जाणवत होती.

प्रकरण ग्राहक आयोगात गेलं. यशश्रीची वकील, प्राची कर्णिक म्हणून एक तरतरीत बाई होती. तिने उदयसिंहरावांना फोन केला. "काका, सगळी केस तुमच्यावर आहे. पत्र पाठवल्याची पोच त्यांच्याकडे नाही. तुम्ही प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलंत की सूचना मिळाली नाही, तर त्यांना बोलायला जागाच उरत नाही. गुरुवारी सकाळी या. मजकूर तयार आहे, फक्त सही करायची."

बुधवारी दुपारी ते फाइल काढून बसले. सही केली तर मुलीचं भलं होणार होतं आणि त्यांचंही झाकलं जाणार होतं. खरं सांगितलं तर कंपनी सुटणार होती आणि ते उघडे पडणार होते. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी खोटं बोलणंच सगळ्यांच्या सोयीचं होतं. त्यांनी पत्र खिशात घातलं आणि रिक्षा करून फतेगंजला गेले.

विश्वंभर औषधं आणायला बाहेर गेले होते. दार यशश्रीने उघडलं. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, गळ्याला उभा लालसर वण. ती फोनवर काहीतरी वाचत होती. फोन तिने चेहऱ्याच्या अगदी डाव्या बाजूला धरला होता.

"बसा, उदयकाका," ती म्हणाली. तिचा आवाज कागदावर कागद घासावा तसा येत होता.

त्यांनी बसायच्या आधीच पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं. वरची तारीख वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे तुम्हाला आलं होतं."

"हो."

"बाबा म्हणाले, आलं नव्हतं."

"मी खोटं बोललो."

खाली सोसायटीत कुणीतरी भाजीवाल्याला गुजरातीत हाका मारत होतं.

"डबी बदलायला किती वेळ लागतो?"

"दीड तास," ते म्हणाले. "यशू, पार्ट नव्हता तेव्हा. मी म्हटलं, आला की सांगू. मग... मग राहिलं. राहिलं असं नाही. मला सांगायची लाज वाटली. मी तुला म्हटलं होतं ना, बॉनेट उघडावं लागणार नाही."

तिने पत्राची घडी घातली.

"उद्या सही आहे," ते म्हणाले. "तू सांगशील तर मी करतो. पत्र आलं नाही म्हणून लिहून देतो. हे पत्र तू जाळून टाक. तुझं नुकसान व्हायला नको."

यशश्रीने मान वर केली. एका डोळ्याने ती त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांना ती नजर चुकवता येईना.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलायचं की नाही," ती थांबत थांबत म्हणाली, "हेही मीच ठरवायचं?"

त्यांनी मान खाली घातली.

"पत्र मी वकीलबाईंना देणार. काय व्हायचं ते होऊ दे." ती घोटभर पाणी प्यायली. गिळताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "बाबांना तुम्ही सांगा. मला एवढं बोलवणार नाही."

त्यांनी विश्वंभरांची वाट पाहिली. पंधरा-वीस मिनिटं दोघं एकाच खोलीत बसली होती. ती आत गेली नाही.

विश्वंभर आले, औषधांची पिशवी टेबलावर ठेवली, आणि "अरे, केव्हा आलास?" म्हणाले. उदयसिंहरावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. यावेळी त्यांनी पार्टचं काही सांगितलं नाही. विश्वंभर ऐकताना पिशवीतून एकेक पाकीट काढून ओळीत लावत होते. शेवटचं पाकीट लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जूनमध्ये आलं म्हणतोस?"

"हो."

"जून ते फेब्रुवारी. तेवढ्यात आपण किती वेळा भेटलो?"

"रोज."

"रोज," विश्वंभर म्हणाले.

ते ओरडतील, अंगावर येतील, अशी उदयसिंहरावांची अपेक्षा होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. विश्वंभरांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उद्यापासून कमाटीबागेत येऊ नकोस," ते म्हणाले. "मला चालणं बंद करता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. तू दुसरीकडे जा."

त्या दिवशी उदयसिंहराव फतेगंजहून रावपुऱ्यापर्यंत चालत आले. येसूबाईंना सांगितलं तेव्हा त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला तरी सांगायचंत. मी केला असता फोन." बायकोला सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आयोगापुढे त्यांनी खरं ते सांगितलं. कंपनीच्या वकिलाने त्यांना फार नम्रपणे प्रश्न विचारले. "आपल्याला पत्र मिळालं? आपण वाचलं? आपल्याला समजलं?" प्रत्येक प्रश्नाला ते "हो" म्हणाले, आणि प्रत्येक "हो" बरोबर समोरचा माणूस कागदावर एक खूण करत होता. पहिल्या रांगेत बसलेले विश्वंभर खिडकीकडे बघत होते. दोन वर्षांनी निकाल लागला. एका साध्या पत्राने कंपनीची जबाबदारी संपत नाही, असं आयोगाने म्हटलं. पण पत्र पोचलं होतं हेही धरलं, आणि भरपाई मागितली होती तिच्या एक तृतीयांश दिली. दोन्ही बाजू अपिलात गेल्या. प्रकरण अजून चालू आहे. यशश्री पुन्हा नोकरीवर जाते, कंपनीच्या बसने. कामाच्या पाळीची वेळ तिने बदलून घेतली. हे सगळं उदयसिंहरावांना प्राची कर्णिककडून कळलं.

आपली नवी गाडी ते पुन्हा चालवू शकले नाहीत. एकदा चावी घेऊन आत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि घामाघूम होऊन बाहेर आले. येसूबाईंनी ती भाच्याला देऊन टाकली.

मग एका सकाळी त्यांनी वही घेतली आणि आपल्या सांगण्यावरून सेन्झाकी घेतलेल्या सगळ्यांची नावं लिहून काढली. सतरा निघाली. त्यातल्या सहा गाड्या तो दोष निघालेल्या वर्षांत बनलेल्या होत्या. काही विकल्या गेल्या होत्या, पुढे पुन्हा विकल्या गेल्या होत्या. त्यांनी एकेकाचा माग काढला. आर.टी.ओ.त खेटे घातले, दलालांच्या दुकानांत बसून राहिले. कुणी लगेच गाडी वर्कशॉपला नेली, कुणी "जोइशुं, काका", म्हणजे बघू, असं म्हणून फोन ठेवला. तिथे ते पुन्हा गेले. आठ महिन्यांत पाच डब्या बदलून झाल्या.

सहावी गाडी सावलीला होती, समरजित पवार नावाच्या माणसाकडे. पस्तिशीचा, बियाणं-खताचं दुकान असलेला. उदयसिंहराव एस.टी.ने सावलीला गेले. सोबत कंपनीच्या सूचनेची प्रत होती.

समरजितने खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद नीट न वाचताच बाजूला ठेवला. "काका, गाडी मस्त चालते. तीन वर्षं झाली, एक रुपयाचं काम नाही. जपानी माल आहे. असली पत्रं तर येतच राहतात, सीझन संपला की बघू ने."

त्याची बायको शलाका काउंटरमागे पोराला मांडीवर घेऊन बसली होती. दुकानासमोर गाडी उभी होती. मागच्या सीटवर पोराची खेळणी पडलेली दिसत होती.

उदयसिंहरावांनी इतर पाच जणांना फक्त दोष समजावून सांगितला होता. इथे त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"हे पत्र मला आलं होतं," ते म्हणाले. "मीही बघू म्हटलं. गाडी माझ्या मित्राच्या मुलीकडे होती. मी तिला सांगितलं नाही. आठ महिने सांगितलं नाही."

मग पुढचं सांगितलं. मंजुसर, टेम्पो, शाबूत राहिलेली काच, बाटलीतला तुकडा. समरजितचा हात मोबाइलवर तसाच राहिला.

शलाका उठली. तिने पोराला नवऱ्याच्या हातात दिलं, खिळ्यावरची गाडीची चावी काढली आणि मुठीत धरली. "वर्कशॉपचा नंबर द्या, काका," ती म्हणाली. "मी आत्ता फोन करते. तोवर ही गाडी हलणार नाही."

समरजित त्यांना बस स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडायला आला. बडोद्याची बस लागायची होती. दोघे शेडखाली उभे राहिले. बराच वेळ घुटमळून समरजितने विचारलं, "काका, ती मुलगी आता कशी आहे?"

"बरी आहे," उदयसिंहराव म्हणाले. मग थांबून म्हणाले, "बरी आहे असं ऐकतो. मला त्यांच्या घरी जाता येत नाही."

बस आली. समरजितने त्यांना हात देऊन वर चढवलं. खिडकीजवळची जागा रिकामी होती, तिथे ते बसले.